कोकरांच्या झुली : दुकानाच्या वहीतल्या नोंदी

९ नोव्हेंबर, आळेफाटा

आबा दरवर्षी याच दिवसांत ताडपत्री घ्यायला येतात. त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट फिरणारी धनगरांची बिऱ्हाडं, पारनेरकडून निघतो, ओतूरच्या अंगाला महिना-दीड महिना रानात बसतो आणि मग माळशेज उतरून कल्याण-भिवंडीकडं जातो. ताडपत्री मापून झाली, चहा झाला. उठता उठता म्हणाले, "शेठ, ट्रॅक्टरला हूड शिवता, गाडीला कव्हर शिवता. बकराला शिवाल का?" धनगर लोक मेंढराला बकरंच म्हणतात, त्यामुळं आधी मला शेळी वाटली.

मी हसलो, ते हसले नाहीत. १ आणि २ डिसेंबर २०२१ चा अवकाळी पाऊस त्यांच्या डोक्यातून गेलेला नाही. त्या दोन दिवसांत जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर, संगमनेर या सगळ्या पट्ट्यात मेंढरं रानातच गारठून मेली. आबांची एकोणीस गेली, त्यातली अकरा कोकरं. दसऱ्याला कातरणी झालेली, अंगावर बोटभरही लोकर नाही, रात्रभर पाऊस आणि वर वारा. "रोग नव्हता, उपाशी नव्हती. सकाळी वाघरीत आडवी." वाघर म्हणजे रात्री मेंढरं कोंडायची जाळी.

नमुना करून बघतो म्हणालो. पैशाचं बोलणं केलं नाही. पोळ्याला बैलावर टाकतात ती झूल, म्हणून याचंही नाव झूलच. या कामाला वेगळी वही.

१२ नोव्हेंबर, तळावर

सोयाबीन निघालेल्या रानात वाडा बसलाय. पाच घरं मिळून दोनशे चाळीसच्या आसपास मेंढरं, तीन घोडी, चार कुत्री, कोंबड्या. शेतकरी खतासाठी मेंढरं बसवून घेतो, रात्रीचा हिशेब धान्यात.

आबांच्या थोरल्यानं एक मेंढी गुडघ्यात धरली, मी टेप लावला. मानेच्या बुडापासून शेपटीच्या बुडापर्यंत २५ इंच. छातीचा घेर २९. पोटाचा घेर घेताना तिनं लाथ मारली, तो आकडा अंदाजे ३३ धरलाय. गाडीचं माप एकदा घेतलं की सगळ्या गाड्यांना चालतं. इथं दुसऱ्या मेंढीचा घेर २७ निघाला, तिसरी गाभण, तिचा ३७.

१५ नोव्हेंबर

पहिला नमुना. दुकानात उरलेली निळी ताडपत्री, कडेला पायपिंग, छातीखालून आणि पोटाखालून नायलॉनचा पट्टा, प्लॅस्टिकचं बक्कल. शिवण सुंदर आली होती, स्वतःच शिवली म्हणून सांगत नाही.

झूल घातल्यावर मेंढी आधी पुतळ्यासारखी उभी राहिली. मग एक पाऊल टाकलं, ताडपत्री खसखसली, आणि ती कळपाकडं धावली. कळप तिला बघून पळाला. तिला कळपात शिरायचं, कळपाला तिच्यापासून लांब जायचं, असा प्रकार अख्ख्या रानात दोन चकरा चालला. कुत्री तिच्यावर भुंकायला लागली, रोजचीच मेंढी. आबांची नात हसून हसून खाली बसली. आबा तंबाखू मळत फक्त म्हणाले, "तुमचा ट्रॅक्टर पळाला, शेठ."

दुपारी दोनला पकडून झूल काढली. आतून ताडपत्रीला दहिवर धरलेलं, पाठीची लोकर ओलीचिंब. पाऊस तर नव्हताच. ते पाणी तिच्याच अंगाचं.

१६ नोव्हेंबर

रात्री मोबाइलवर शोधलं. ऑस्ट्रेलियात तलम लोकरीच्या मेरिनो मेंढ्यांना नायलॉनचे कोट घालतात, पण ते धूळ आणि कुसळं लोकरीत जाऊ नयेत म्हणून. लोकरीचा भाव तेवढा असतो. इटलीच्या दक्षिणेला तारेंतुम शहराच्या मेंढ्यांना रोमन लोक लोकर स्वच्छ राहावी म्हणून कातड्याच्या झुली घालत, म्हणजे कल्पना दोन हजार वर्षं जुनी. आमच्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, केसाळ आणि बहुतेक काळी. तिला आज गिऱ्हाईक नाही, कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा तिच्यातून सुटत नाही. लोकर वाचवायला झूल हा हिशेब इथं लागूच होत नाही.

आता मोठ्या मेंढरांचं गणित. एकीला पकडून, पट्टे लावून सोडायला दोघांना पाच मिनिटं. दोनशे चाळीस मेंढरांना वीस तास. ढग भरून आले की कोण कुठं पुरणार? शिवाय दुपारी ऊन तिशीला टेकतं, म्हणजे सकाळी काढा, संध्याकाळी घाला. ओल्या लोकरीवर घातली तर ओल आतच कोंडणार. मोठ्या मेंढरांची झूल रद्द. ताडपत्रीचा नमुना दुकानातल्या कॉम्प्रेसरवर टाकला, बरोबर बसला.

१८ नोव्हेंबर

दवाखान्यातल्या पशुवैद्य मॅडमशी बोललो. त्या म्हणाल्या, मोठ्यांना वाऱ्याच्या बाजूला आडोसा आणि पोटभर चारा द्या, रवंथ चालू असला की आतून ऊब मिळते. झूल घालायचीच तर नव्या कोकराला घाला.

त्यांनी सांगितलेलं उतरवून ठेवतो. मेंढराच्या अंगाचं तापमान ३९ अंशांच्या आसपास असतं. कोकरू जन्मतं ते ओलं, अडीच-तीन किलोचं. अंगाच्या मानानं कातडी जास्त, म्हणून ऊब झपाट्यानं जाते. पोटातून येतानाची चरबीची शिदोरी थोडकीच, काही तासांत संपते. त्याआधी आईचा चीक पोटात गेला पाहिजे. ३७ च्या खाली उतरलं की ते चोखायचंच थांबतं, मग चीक नाही म्हणून आणखी गार, आणि गार म्हणून चीक नाही. इतक्या गार कोकराच्या तोंडात जबरदस्तीनं दूध ओतायचं नाही, ते फुप्फुसात जातं. आधी ऊब द्यायची.

आबांकडं यंदा ही अडचण जास्त आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी नारी सुवर्णा जातीचा नर आणला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बंगालच्या सुंदरबनातल्या गारोळ मेंढीचा जुळ्यांचा जनुक दख्खनीत आणून ही जात तयार केली. त्या नराच्या लेकी आता विऊ लागल्यात. दख्खनीला जुळं क्वचित होतं, यांना वरचेवर. जुळ्यातलं एकेक कोकरू वजनाला कमी, चिकाला भागीदार. म्हणजे गिऱ्हाईक ठरलं : जन्मापासून पंधरा दिवसांचं कोकरू.

२१ नोव्हेंबर

सात कोकरांची मापं घेतली. लांबी ११ ते १२ इंच, छातीचा घेर १३ ते १४. वजन ताणकाट्यावर पिशवीत घालून : सगळ्यात हलकं एक किलो नऊशे, ते जुळ्यातलं. खाकी कागदावर दोन साइज कापले, लहान आणि मोठा.

कापडाचा प्रश्न आबांच्या घरच्या आक्कानं सोडवला. मी फोमचा पातळ पत्रा दाखवला, तिनं तो दोन बोटांत दाबून परत दिला. म्हणाली, "ह्ये पाणी पितंय." मग पालातून जुनी घोंगडी काढली, दोन ठिकाणी जळालेली. घोंगडी ओली झाली तरी ऊब सोडत नाही हे तिला शिकवायची गरज नाही, जन्म तिच्याखाली गेलाय. पण भिजली की जड होते, दोन किलोच्या जिवावर तेवढं ओझं नको. म्हणून आत घोंगडीचा तुकडा आणि वर छत्रीचं कापड. ते हलकं, खसखसत नाही, पाणी ओघळवतं. छत्री दुरुस्तीवाल्याकडं मोडक्या छत्र्यांचा ढीग होता, दहा रुपयाला एक. एका छत्रीत दोन झुली बसतात.

छत्रीचे तुकडे तिकोनी, ते जोडताना शिवण बरोबर पाठीच्या कण्यावर येत होती. तिथूनच पाणी झिरपणार. कापणी बदलून शिवण बरगडीवर आणली, दुमडून घातली, वरून मेणबत्ती घासली. हूडच्या कामातली जुनी युक्ती.

२४ नोव्हेंबर

तीन झुली घेऊन तळावर. नोंद लांबणार आहे.

पहिली चूक दोन मिनिटांत. पोटाखाली मी पूर्ण पट्टी दिली होती, पोट झाकलेलं बरं म्हणून. आक्कानं कोकरू उताणं केलं आणि बोट ठेवलं : नाळ. टिंक्चर आयोडीन लावलेली, अजून वाळायची होती, माझी पट्टी तिच्यावर घासत होती. दुसरं कोकरू नर. नराची मुताची जागा पोटाच्या मध्यावर, पट्टी पाच मिनिटांत ओली. दोन्हीचा इलाज एकच, पोटाखाली काहीच नको. एक पट्टा पुढच्या पायांच्या मागून आणि मागच्या मांड्यांना दोन सैल फास, बस्स.

मोठी चूक संध्याकाळी कळली. दिवसभर कोकरं जाळीत आणि आया चरायला. साडेपाचला कळप आला की जो गलका होतो तो मी आजवर रस्त्यावरून ऐकला होता, आत उभं राहून पहिल्यांदा. शंभर आया एकदम हंबरतात, कोकरं जाळीला टकरा देतात. आक्का आणि तिची सून एकेक कोकरू उचलून बरोबर त्याच्या आईपुढं टाकतात. दावं नाही, बिल्ला नाही. एकीच्या कपाळावर पांढरा ठिपका, एकाच्या पाठीला तांबूस झाक, एवढ्यावरून. सून एका झूलवाल्यापाशी अडली. कपाळ नुसतं काळं, पाठ माझ्या झुलीखाली. "ह्ये कुणाचं?"

कुणाचं ते ठरलं, आईपुढं ठेवलं. कोकरू आचळाला लागलं, आईनं मान वळवून शेपटीखाली नाक नेलं. मेंढी पिलाला तिथंच ओळखते, वासानं. तिथं माझी झूल शेपटीवर दोन इंच उतरलेली, तिला छत्रीवाल्याच्या दुकानाचा वास. तिनं हुंगलं, परत हुंगलं आणि ढुशी देऊन कोकरू उडवलं. ते पुन्हा गेलं, पुन्हा ढुशी. तिसऱ्यांदा ते लांबच उभं राहिलं. मी पुढं होऊन टिचटिच बटणं उघडली, झूल काढली, तरी तिचा संशय फिटेना. शेवटी आक्कानं आईच्याच आचळातलं दूध पिळून कोकराच्या ढुंगणाला चोळलं, तेव्हा पाजलं.

आबा म्हणाले, मेलेल्या कोकराचं कातडं पोरक्या कोकराच्या अंगावर बांधलं की मेंढी फसते आणि पाजते. म्हणजे झुलीची विद्या यांना आधीपासून ठाऊक आहे, फक्त उलट्या कामासाठी.

मी सगळी हयात झाकायची वस्तू शिवतो. आज मापात पहिल्यांदा उघडं काय ठेवायचं ते लिहिलं : शेपटी आणि तिच्या वर तीन बोटं, नाळ, मुताची जागा, मान पूर्ण.

२६ नोव्हेंबर

झूल मागून तीन बोटं आखूड केली. शिवण्याआधी घोंगडीचे तुकडे आणि छत्रीचं कापड एक रात्र वाघरीच्या कडेला, मेंढरं बसतात त्या जागेवर टाकून ठेवले. सकाळी वास असा की बायकोनं ते दुकानाबाहेर ठेवायला लावले. मेंढीनं आज एकदाच हुंगलं, पाजलं.

ओळखीसाठी प्रत्येक झुलीवर रेक्झीनचा वेगळा तुकडा शिवला : लाल, पिवळा, चौकडा, बिबट्याच्या ठिपक्यांचा. शेवटचा आबांनी काढायला लावला. जुन्नर तालुक्यात राहून बिबट्याची थट्टा नको, म्हणाले.

बटणाबद्दल. वेल्क्रोत दोन दिवसांत लोकर आणि काडीकचरा भरला, पकड गेली. बक्कल भक्कम आहे आणि तोच त्याचा दोष. कोकरू बाभळीच्या काटवणात अडकलं तर लटकून राहील. टिचबटण ओढ बसली की आपोआप सुटतं, झूल काट्याला आणि कोकरू मोकळं. दोन रुपयांचं बटण जिंकलं.

५ डिसेंबर

चोवीस झुली तयार, बारा लहान, बारा मोठ्या. एकीचं वजन ७० ते ७५ ग्रॅम. खर्च : कापड ५, इलास्टिक ६, बटणं ४, दोरा २. सतरा रुपये आणि माझी पंचवीस मिनिटं. घोंगडी आक्काची, तिचा भाव लावता येत नाही.

पाण्याची चाचणी : कागदाचे बोळे भरलेलं पोतं, वर झूल, पंधरा मिनिटं फवारणीचा पंप. पाठीकडचे बोळे कोरडे, कडेचे ओले. शिवणीतून एक थेंब नाही.

९ डिसेंबर

सकाळपासून आभाळ. तळावर जाऊन झुली वाटल्या. चौदा कोकरं पंधरा दिवसांच्या आतली, चौदांना घातल्या. नंतर कळलं, जुळ्यातलं एक सुनेच्या पालात चुलीजवळ होतं, ते मोजलंच नव्हतं आणि त्याच्या मापाची लहान झूल उरलेली नव्हती. दोन फाटक्या म्हणून दुकानात ठेवलेल्या.

१० डिसेंबर

रात्री अकरा ते पहाटे चार रिमझिम, मध्ये वारा. सहाला पोचलो. वहीवर चिखलाचा अंगठा उमटलाय तो आजचा.

थर्मामीटर लावून सहा कोकरं तपासली. झूलवाली पाच : ३९.३, ३९.१, ३८.८, ३९.४, ३८.९. जुळ्यातलं बिनझुलीचं, आईमागं पहाटे बाहेर आलेलं : ३७.४. डोळे अर्धे, कान गार, तोंडात बोट घातलं तर चोखणं नावाला. त्याच्या भावाला झूल होती, तो ३८.९ वाला. बिनझुलीच्याला घोंगडीत गुंडाळून दोन बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या, तासाभरानं चीक दिला, नऊला उभं राहिलं. एका जोडीवरून मी काही सिद्ध करत नाही, आकडे आकडे म्हणून लिहितो.

आणि एक मेलं. झूल घातलेलं. रात्री दोनला मेंढी व्याली, पावसातच. थोरल्यानं घाईनं ओल्या अंगावरच झूल चढवली आणि आईपाशी सोडलं, आता झूल आहे म्हणून. आईला चाटायला पाठच मिळाली नाही. त्यानं चीक प्याला की नाही कुणी पाहिलं नाही. झूल काढली तेव्हा आत घोंगडीचा तुकडा वारेच्या पाण्यानं जड होता. थोरला बराच वेळ काही बोलला नाही. मला चुकल्यासारखं झालं, कारण घालायची कशी ते मी दहा वेळा सांगितलं, कधी नाही घालायची ते एकदाही नाही.

प्रत्येक झुलीच्या आत मार्करनं लिहायचं : आधी पुसा, आईला चाटू द्या, चीक पाजा, मग झूल.

११ डिसेंबर

आक्काला वाचता येत नाही. सुनेला येतं, पण रात्री दोनला पावसात झुलीच्या आतलं कोण वाचणार. लिहिणं रद्द. तोंडी सांगितलं, थोरल्यानं माझ्यादेखत धाकट्याला पुन्हा सांगितलं.

१९ डिसेंबर

कोकरू रोज शंभर-सव्वाशे ग्रॅमनं वाढतं. लहान साइज नवव्या-दहाव्या दिवशीच काखेत आवळायला लागला, दोघांच्या काखेत केस गेलेत, एकाला लालसर चट्टा. इलास्टिकवर जुन्या सुती धोतराची पट्टी गुंडाळली आणि दुसरं टिचबटण दीड इंचावर मारलं, म्हणजे वाढतं माप. पहिल्यांदाच का नाही सुचलं माहीत नाही, पोरीच्या फ्रॉकला मारतो की.

झूल रोज सकाळी काढून उन्हात टाकायची हे पाळलं जातंय. घरातल्या बाळाच्या लंगोटांशेजारी दोरीवर चौदा झुली वाळताना दिसतात.

२३ डिसेंबर

काही नाही. दिवसभर लग्नाच्या गाडीची सीट कव्हरं.

२८ डिसेंबर

वाडा हलला. पहाटे पालं उतरली, घोड्यांवर सामान चढलं, चालू न शकणारी कोकरं जाळीत घालून घोड्याच्या पाठीवर. जाळीत झुली नकोत, पाय अडकतात, म्हणून सगळ्या काढून एका गोणीत भरून दिल्या. घाटातला वारा वाईट, तिथं मुक्काम पडला तर घाला म्हणालो. आबा पैसे द्यायला लागले. चोवीस गुणिले सतरा घेतले, शिलाई नको म्हटलं. त्यांनी घोड्यावरून एक कोंबडा काढून दुकानाच्या गाडीत टाकला, त्यावर वाद घालता आला नाही.

१४ जानेवारी

संक्रांतीचा फोन, भिवंडीकडून. सून बोलली, आक्का मागून सांगत होती. घाटात एक रात्र झुली घातल्या, पाऊस नव्हता, धुकं होतं. हिशेब असा : तीन काट्यात गेल्या, कोकरं सुटली. एक कुत्र्यानं फाडली. एक शेजारच्या वाड्यानं मागून नेली, तिकडून आणखी दहाची मागणी आहे, मागचा फास अजून सैल करा म्हणतात. कोकणात ऊब फार, आता पुढच्या कार्तिकापर्यंत गोणीत.

उरल्या एकोणीस पाहिजेत, गोणीत सतराच. दोन आक्कानं उसवल्या, घोंगडीचे तुकडे काढून नातवाच्या कुंचीला आतून लावले. माल तिचाच होता. वहीत दोन "परत" लिहिल्या.